बाटली उघडल्यानंतरचं लॅव्हेंडर

पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याच्या शिवारात लॅव्हेंडर पिकत नाही. त्याला थंड हवा लागते. भारतात त्याची शेती मुख्यतः जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या डोंगरउतारांवर होते. परभणीकडे येते ती तेलाची बाटली, आणि तिच्यासोबत एक समज: झाडाचं तेल, म्हणजे खोबरेलासारखंच, चेहऱ्याला थेट चोळायला हरकत नाही. पण खोबरेल स्निग्ध असतं, लॅव्हेंडरचं तेल नसतं. तो फुलोऱ्यातून वाफ सोडून काढलेला, उडून जाणारा दाट अर्क आहे. शंभर किलो फुलोऱ्यातून जेमतेम किलो-दीड किलो निघतो. त्यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन घटक प्रमुख असतात, आणि त्वचेशी त्याचं नातं हेच घटक ठरवतात.

ताज्या अवस्थेत हे दोन्ही घटक बऱ्यापैकी सौम्य असतात. त्रास सुरू होतो तो हवा लागल्यावर. लिनालूलचा प्राणवायूशी संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात आणि त्यांची ॲलर्जी जडू शकते. एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते. यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की कारखान्यातलं लिनालूल बिघडत असेल, अस्सल तेलातले इतर घटक मात्र त्याला जपतात. स्वीडनच्या संशोधकांनी २००८ मध्ये नेमकं हेच तपासलं. लॅव्हेंडर तेलात असं नैसर्गिक संरक्षण आढळलं नाही; तेही हवेत तसंच बिघडलं. उष्णतेनं ही क्रिया वेग घेते. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जाणाऱ्या मुलखात खिडकीशी ठेवलेली अर्धी बाटली म्हणूनच थंड देशातल्या बाटलीपेक्षा जास्त जोखमीची. वास छान येतो, यावरून तेल चांगलं आहे हे कळत नाही.

जंतू मारतं, मग मुरुमांवर चालणारच, हा दुसरा आक्षेप. प्रयोगशाळेत ते जंतूंना रोखतं, हे खरं. पण २००४ च्या एका प्रयोगात केवळ ०.२५ टक्के तेलानं माणसाच्या त्वचेच्या पेशीही मेल्या. काचेतल्या पेशींना त्वचेचं वरचं कवच नसतं, म्हणून त्यावरून चेहऱ्याचा निकाल लावता येत नाही, असं कुणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. मात्र मग काचेतल्या जंतूंवरून मुरुमांचा निकालही लावता येणार नाही. एक पुरावा उचलायचा आणि दुसरा टाकायचा, हे मला पटत नाही. जपानमध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे त्वचादाह झाल्याचा संशय असलेल्या रुग्णांच्या पॅच टेस्टमध्ये लॅव्हेंडर तेलाला प्रतिक्रिया देणारे १९९० मध्ये १.१ टक्के होते, १९९८ मध्ये १३.९ टक्के. हे आकडे रुग्णांचे आहेत, सर्वसामान्यांचे नव्हेत. तरी वाढ दुर्लक्षिण्याजोगी नाही. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त लिनालूल असेल, तर वेष्टनावर त्याचं नाव छापावंच लागतं.

सुवासासाठी हे तेल वापरायला माझा विरोध नाही. त्वचेवर लावायचंच असेल, तर शंभर मिलीलिटर खोबरेलात वीसेक थेंब, म्हणजे सुमारे एक टक्का, पुरे; चेहऱ्यासाठी त्याच्याही निम्मे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस पाहावं, आणि खाज किंवा लाली आली तर पुन्हा लावू नये. बाटली लहान, गडद काचेची घ्यावी, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी. भाजल्यावर किंवा इसब उठलेल्या जागी मात्र एक थेंबही नको: तिथं त्वचेचं कवचच शाबूत नसतं.