चाकांवरचं घर आणि पावसाळी बुरा

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, भंडारदरा करणं आता नाशिककरांना नवलाचं वाटत नाही. पण शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० च्या पुढे. तिथून परतलेली गाडी पंधरा दिवस तशीच उभी राहिली, की दार उघडताच कुबट वास येतो आणि गाद्यांवर बुरा चढलेला दिसतो. याला बऱ्याचदा पाऊस नव्हे, तर आपले समज कारणीभूत असतात.

गैरसमज : गाडी गळत नाही, म्हणजे बुरशी धरणार नाही.

वस्तुस्थिती : पाणी आतूनही तयार होतं. दोन माणसं रात्रभर झोपली, तर श्वास आणि घाम मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला, की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. वर ओले रेनकोट, बूट, टॉवेल आहेतच. म्हणून स्वयंपाक करताना आणि झोपताना छताची झडप किंवा समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या हव्यात. गॅस पेटलेला असताना हवा खेळती असणं जिवाच्या सुरक्षेसाठीही आवश्यक आहे.

गैरसमज : बुरशीचा त्रास फक्त पावसाळ्यात.

वस्तुस्थिती : निफाडकडच्या थंडीत पहाटे काचेवर आतून दव साचतं, ते पाहा. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावतं, १० अंशांच्या हवेत फक्त ९. जास्तीचं बाष्प गार पत्र्यावर, काचेवर, गादीच्या खालच्या फळीवर पाणी होऊन बसतं. काच दिसते म्हणून पुसली जाते, फळी मात्र ओलीच राहते. सकाळी गादी उभी करून ठेवा आणि तिच्याखाली हवा जाईल अशा पट्ट्यांची चौकट बसवा.

गैरसमज : गाडी घट्ट बंद करून वर ताडपत्री टाकली, की निर्धास्त.

वस्तुस्थिती : आतली ओल आतच कोंडते. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ती आणखी अडकते. शेड उत्तम, आच्छादन घालायचंच तर हवा जाऊ देणारं घाला. मात्र संततधारेत बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा नुसत्या खिडक्या उघडून गाडी सुकत नाही. अशा वेळी वीजजोडणीजवळ उभी करून ओल शोषणारं यंत्र लावा. उघडीप मिळताच दारं, कपाटं, खण सगळं उघडा.

गैरसमज : डांबरगोळ्या, कापूर ठेवला की काम झालं.

वस्तुस्थिती : त्यांनी वास झाकला जातो, ओल कमी होत नाही. बंद गाडीत डांबरगोळ्यांची वाफ श्वासातून जाणं आरोग्याला अपायकारकही आहे. कॅल्शियम क्लोराइडचे डबे लहान कपाटात उपयोगी पडतात, पण गळक्या सांध्यावर तो इलाज नाही.

गैरसमज : बागेतलं भुरीचं औषध गाडीतही चालेल.

वस्तुस्थिती : द्राक्षाच्या पट्ट्यात हा मोह होणं समजण्यासारखं आहे, पण तो धोक्याचा आहे. द्राक्षावरची भुरी आणि डावणी जिवंत वेलीवरच जगतात. गाडीत वाढतात त्या ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियमसारख्या बुरशी; त्यांना धूळ, प्लायवूड, डिंक, अन्नाचे कण पुरतात. शेतीची औषधं झोपायच्या जागेत फवारू नका.

ब्लीचही सरसकट उपाय नाही. प्लायवूड किंवा स्पंजच्या आत रुजलेल्या बुरशीपर्यंत ते नीट पोहोचत नाही, आणि मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होऊ शकते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. कडक पृष्ठभाग मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासा आणि पूर्ण कोरडे करा. आतपर्यंत बुरशी धरलेला स्पंज टाकून द्या.

गैरसमज : एसी आहे, मग काळजी कशाला?

वस्तुस्थिती : एसी हवेतली ओल काढतो, पण त्याची गार जाळी स्वतः ओली राहते आणि तिथेच बुरशी वाढते. बंद करण्याआधी काही मिनिटं नुसता पंखा चालवा. पाण्याचा कूलर तर उलट ओल वाढवतो.

द्राक्ष बागायतदार रोग दिसायची वाट पाहत नाही. पानं किती वेळ ओली राहिली याकडे त्याचं लक्ष असतं. चाकांवरच्या घरालाही तीच नजर हवी. गाडीत एक साधा आर्द्रतामापक टांगा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकवायची. पावसाळ्याआधी छताचे सांधे आणि खिडक्यांची रबरं तपासून घ्या. सहलीहून परतल्यावर सामान उतरवलं तरी सहल संपलेली नसते. गाद्या सुकल्या की संपते.