अमेरिकेत तस्करीतून सुटलेल्या मजुराला सरकारी मदत मिळते का? टी व्हिसा, यू व्हिसा आणि बदललेले नियम

नोव्हेंबर १९९९. कॅलिफोर्नियातील बर्कली शहर. एका भाड्याच्या घरात हीटरचा धूर बाहेर जाण्याचा मार्ग तुंबला, कार्बन मोनॉक्साइड कोंडला आणि आंध्र प्रदेशातून आणलेल्या दोन बहिणींपैकी थोरली मरण पावली. वय १७. धाकटी वाचली. या मुली दलित कुटुंबातल्या. त्यांना आणणारा लकिरेड्डी बाली रेड्डी हा बर्कलीतील बडा घरमालक, शेकडो घरे भाड्याने देणारा. मुली त्याच्याच मूळ गावच्या, वेलवडमच्या परिसरातल्या. खोटी कागदपत्रे आणि खोटी नाती दाखवून त्यांना अमेरिकेत आणले गेले होते. बर्कली हायस्कूलच्या विद्यार्थी पत्रकारांना प्रश्न पडला की एवढ्या वयाची मुलगी शाळेत का नव्हती, आणि तिथून प्रकरणाला वाचा फुटली. २००१ मध्ये रेड्डीला आठ वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षेची बातमी सगळे वाचतात. पण जी मुलगी वाचली, तिने दुसऱ्या दिवशी खायचे काय, राहायचे कुठे, दवाखान्याचे बिल कोणी भरायचे? हा प्रश्न बातमीत येत नाही, म्हणून या लेखात तोच घेतला आहे. आपल्या समाजातील तरुण आज वेल्डर, स्वयंपाकी, नर्स, घरकामगार म्हणून परदेशी जात आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणाचा फोन आला की "मालकाने पासपोर्ट काढून घेतला आहे", तर कार्यकर्त्याला निदान एवढे तरी ठाऊक असावे.

मदतीचे दार १९९६ मध्ये बंद झाले

ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेने कल्याणकारी योजनांचा कायदा बदलला. फूड स्टॅम्प, गरिबांचा आरोग्य विमा म्हणजे मेडिकेड, गरजू कुटुंबांना रोख मदत, या केंद्राच्या योजना बहुतेक परदेशी नागरिकांसाठी बंद झाल्या. कायद्याने 'पात्र परदेशी' असा एक गट केला. त्यात ग्रीन कार्डधारक, निर्वासित वगैरे आले. त्यातही ग्रीन कार्ड मिळालेल्यांना बहुतेक योजनांसाठी पाच वर्षे थांबणे आले. व्हिसा संपलेला, मालकाकडून पळालेला मजूर या गटात कुठेच बसत नव्हता. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा झाला तोच बेकायदा ठरायचा.

२८ ऑक्टोबर २००० रोजी मानवी तस्करीविरोधी कायदा आला आणि तस्करीच्या पीडितांसाठी अपवाद झाला. मदतीच्या बाबतीत त्यांना निर्वासितांइतकाच हक्क मिळाला, पाच वर्षांची अटही नाही. त्याच कायद्याने टी आणि यू हे दोन व्हिसाही आणले. नावे एका ओळीत घेतली जात असली तरी मदतीच्या बाबतीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेमका इथेच लोकांचा गोंधळ होतो.

टी व्हिसा: तस्करीच्या पीडितासाठी

तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सीमेवरून चोरून नेलेली माणसे येतात. अमेरिकी कायद्याला सीमा ओलांडणे लागत नाही. बळजबरी, फसवणूक किंवा धाकदपटशा करून कोणाकडून काम करून घेतले तर ती तस्करी. कायदेशीर व्हिसावर, विमानाने, आनंदाने गेलेला माणूसही तस्करीचा पीडित ठरू शकतो. "काम सोडलेस तर पोलिसांना सांगून तुला परत पाठवीन" ही धमकी बळजबरीत मोजली जाऊ शकते. कर्जाच्या ओझ्याखाली राबवणेही त्यातच येते. आणि कामगाराला बांधून ठेवण्यासाठी पासपोर्ट काढून घेणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

सिग्नल इंटरनॅशनलचे प्रकरण इथे आठवावे. कतरिना वादळानंतर, २००६ च्या सुमारास, या जहाजदुरुस्तीच्या कंपनीने मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या कामांसाठी सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर नेले. भरती करणारा एजंट मुंबईचा. ग्रीन कार्ड मिळेल असे सांगून एकेकाकडून दहा हजार डॉलर आणि त्याहून अधिक उकळले गेले. शेती, दागिने गहाण पडले. तिथे गेल्यावर एका खोलीत २४ जण, आणि त्या राहण्या-खाण्याचे महिन्याला हजार डॉलरहून अधिक पगारातून कापलेले. मार्च २००८ मध्ये मजुरांनी काम सोडले आणि ते वॉशिंग्टनपर्यंत गेले. २०१५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या ज्युरीने पाच कामगारांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. या मजुरांपैकी अनेकांना टी व्हिसा मिळाला. ते सगळे कायदेशीर व्हिसावर गेले होते, हे लक्षात घ्या.

टी व्हिसासाठी साधारण चार गोष्टी दाखवाव्या लागतात: गंभीर स्वरूपाची तस्करी झाली, त्या तस्करीमुळेच आपण अमेरिकेत आहोत, तपास यंत्रणेच्या वाजवी मागण्यांना सहकार्य केले, आणि परत पाठवल्यास अत्यंत हाल होतील. अठरा वर्षांखालील मुलांना सहकार्याची अट नाही. मानसिक धक्क्यातून न सावरलेल्यांनाही तीत सूट मिळू शकते. व्हिसा चार वर्षांचा, आणि साधारण तीन वर्षांनी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो.

मात्र मदत व्हिसाच्या शिक्क्यावर मिळत नाही. त्यासाठी तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र लागते. टी व्हिसा मिळाला, त्याचा अर्ज प्रथमदर्शनी खरा ठरला किंवा तपासासाठी तात्पुरते राहण्याची परवानगी मिळाली, की हे पत्र निघते. अल्पवयीन मुलांसाठी वेगळे पात्रता पत्र असते. त्यांना व्हिसाचा अर्ज करावा लागत नाही आणि पोलिसांना जबाब द्यावा लागत नाही. परदेशी मूल तस्करीचे बळी असावे असे कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याला आढळले, तर २४ तासांत त्या खात्याला कळवणे बंधनकारक आहे.

वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीत काम केलेल्या कार्यकर्त्यांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे वेठबिगाराची सुटका झाली तरी मुक्ती प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पुनर्वसनाचा पैसा हलत नाही. अनुच्छेद २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी घालतो, पण गरिबाला शेवटी तहसील कचेरीत एका कागदासाठीच उभे राहावे लागते. अमेरिकेत कचेरी चकचकीत आहे, रांग तीच.

यू व्हिसा: काम करा, पण ताट वाढणार नाही

यू व्हिसा इतर गंभीर गुन्ह्यांच्या पीडितांसाठी आहे. घरगुती हिंसाचार, लैंगिक अत्याचार, अपहरण, वेठबिगारी, परदेशी कामगाराच्या करारातील फसवणूक अशी गुन्ह्यांची यादी आहे. अट अशी की पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश किंवा अशाच अधिकृत यंत्रणेने "या व्यक्तीने तपासात मदत केली" असे सही करून दिले पाहिजे. ती सही नसेल तर अर्जच होत नाही. टी व्हिसासाठी असे पत्र उपयोगी पडते, पण सक्तीचे नाही.

एच-१बी नवऱ्यासोबत गेलेली आपल्याकडची लेक मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडली, तर तिच्यासमोर बहुधा हाच रस्ता असतो, कारण तिचा स्वतःचा व्हिसा नवऱ्याला बांधलेला असतो. आणि हा रस्ता लांबचा आहे. वर्षाला १० हजार मुख्य अर्जदारांनाच यू व्हिसा मिळतो. प्रलंबित अर्ज लाखांच्या घरात आहेत. २०२१ पासून अर्ज प्रथमदर्शनी खरा वाटल्यास मधल्या काळात कामाचा परवाना मिळू शकतो, एवढाच दिलासा.

यू व्हिसाधारक केंद्राच्या कायद्यात 'पात्र परदेशी' नाही. व्हिसा हातात आला तरी फूड स्टॅम्प नाही, रोख मदत नाही, सर्वसाधारण मेडिकेडही नाही. तातडीचे उपचार मिळतात. गर्भवती आणि मुले यांना काही राज्ये मेडिकेडमध्ये घेतात. मुलांना सरकारी शाळा कोणत्याही स्थितीत नाकारता येत नाही, हे १९८२ पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले आहे. जीव वाचवणाऱ्या सेवा, म्हणजे निवारागृह आणि अन्नवाटप केंद्र, तिथे बऱ्याच ठिकाणी व्हिसाचा प्रकार पाहिला जात नाही. त्यापलीकडे राज्य कोणते यावर सारे अवलंबून.

कॅलिफोर्नियाने ही उणीव ओळखली. २००६ मध्ये तिथे मंजूर झालेल्या कायद्याने तस्करी, घरगुती हिंसा आणि इतर गंभीर गुन्ह्यांच्या परदेशी पीडितांना राज्याच्या पैशातून रोख मदत, अन्नमदत आणि आरोग्यसेवा सुरू झाली. त्यातला सर्वांत माणुसकीचा भाग पुराव्याचा आहे. तस्करीचा पीडित टी व्हिसाचा अर्ज करण्याच्या तयारीत असला तरी मदत सुरू होऊ शकते. तो अर्ज मात्र वर्षभरात झाला पाहिजे. यू व्हिसासाठी अर्ज दाखल केलेला असावा लागतो. तस्करीच्या पीडिताने शपथेवर निवेदन द्यायचे आणि जोडीला एखादा पुरावा. तोही नसेल, तर निवेदन विश्वासार्ह वाटल्यास तेवढ्यावर काउंटी मदत देऊ शकते. रात्री नेसत्या कपड्यांनिशी पळालेल्या बाईकडे कुठली फाइल असणार?

२०२५ नंतर काय बदलले

आता वाईट बातमी, आणि जुने लेख वाचून सल्ला देणाऱ्यांनी ही नीट वाचावी. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याने फूड स्टॅम्पची पात्रता नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी दोन-तीन ठरावीक गटांपुरती ठेवली. निर्वासित बाहेर गेले, आणि त्यांच्या बरोबरीचा हक्क असलेले तस्करीचे पीडितही. मेडिकेडसाठी असाच बदल १ ऑक्टोबर २०२६ पासून ठरवला गेला. निर्वासितांसाठीची रोख मदत प्रमाणपत्र मिळालेल्या पीडितांनाही लागू होते. ती मे २०२५ पासून १२ महिन्यांवरून ४ महिन्यांवर आली. २००० साली उघडलेले दार असे पुन्हा लोटले जात आहे. माझ्या मते याचा फटका न्यायालयातही दिसेल. चार महिन्यांनी खायची भ्रांत पडणारा माणूस मालकाविरुद्ध साक्ष द्यायला थांबत नाही, जे मिळेल ते काम धरतो, बऱ्याचदा तशाच दुसऱ्या मालकाकडे.

एक भीती मात्र अनाठायी आहे. "सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड मिळणार नाही" असे वकील नसलेले लोक छातीठोकपणे सांगतात. इतर अर्जदारांना 'सरकारवर भार' ही कसोटी लागते हे खरे. टी आणि यू व्हिसाधारकांना तिच्यातून कायद्यानेच सूट आहे.

गावात अडकलेला जीव

हे सगळे जाणूनही आपला माणूस तोंड का उघडत नाही? कारण कर्ज देणारा गावातच असतो. एजंट ओळखीचा असतो, कधी जमीनदाराचाच माणूस. मजूर अमेरिकेत बोलला की इकडे आईबापाच्या दारात माणसे येतात. मे २०२१ मध्ये न्यू जर्सीतील रॉबिन्सव्हिलच्या मंदिर बांधकामावरील मजुरांनी दावा दाखल केला. त्यांच्यात अनेक दलित होते, धार्मिक कार्यकर्त्याच्या व्हिसावर आणलेले. तासाला सुमारे १.२० डॉलर मजुरी पडते आणि पासपोर्ट काढून घेतले, असे त्यांचे आरोप होते. संस्थेने आरोप फेटाळले आणि २०२५ मध्ये सरकारने फौजदारी चौकशी गुन्हा न नोंदवता बंद केली. काय सिद्ध झाले, काय नाही, हा मुद्दा बाजूला ठेवू. पण त्या दाव्याने जात हा प्रश्न अमेरिकी न्यायालयाच्या कागदावर आणला.

याच भीतीवर टी व्हिसाच्या कायद्यात एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. टी व्हिसाधारकाला पती किंवा पत्नी आणि मुलांना बोलावता येते. पण पीडित पळाल्यामुळे किंवा त्याने पोलिसांना सहकार्य केल्यामुळे गावाकडच्या आईवडिलांना, अठराखालच्या अविवाहित भावंडांना सूड घेतला जाण्याचा धोका असेल, तर त्यांनाही नेता येते. पीडिताचे वय काहीही असो. म्हणून धमकी आली की इथल्या पोलीस ठाण्यात तक्रार करून पोच घ्या, फोनवरचे मेसेज जपून ठेवा. गावातल्या कार्यकर्त्याने जमवलेला हा कागद तिकडच्या वकिलाच्या कामी येतो.

जाण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि एजंटला दिलेल्या पैशांच्या पावत्या यांचे फोटो घरच्या कोणाकडे तरी ठेवायला सांगा. घरकामगार, हंगामी कामगार अशा व्हिसासाठी मुलाखतीला गेलेल्यांना वकिलातीने हक्कांची पुस्तिका देणे २००८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती मागून घ्या, बॅगेच्या तळाशी टाकू नका. अमेरिकेत अडचण आली तर तस्करीविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १-८८८-३७३-७८८८ आहे. तिथे दुभाषा मागता येतो, आणि फोन करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगावेच लागते असे नाही.