कातड्याची दोरी : जव्हार संस्थानाच्या इतिहासाविषयी

जव्हार तालुक्यातील एका आश्रमशाळेत मी काही वर्षे इतिहास शिकवला. एकदा नववीच्या मुलांना 'आपल्या तालुक्याचा इतिहास' या विषयावर निबंध लिहून आणायला सांगितले. बहुतेकांनी मुकणे राजघराणे, शिवाजी महाराजांची जव्हारभेट आणि जयविलास राजवाडा यांवर लिहिले. एका वारली मुलीने मात्र वही कोरी आणली. कारण विचारले तर म्हणाली, "सर, राजाचा इतिहास मिळाला. आमचा कुठं मिळंल?"

या प्रश्नाचे उत्तर मला वर्गात देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले आणि अपुरे उत्तर आहे.

जव्हार हे एके काळचे संस्थान. क्षेत्रफळ ३१० चौरस मैल, १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या ४७,५३८. राज्य महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचे. प्रजा बहुतांश वारली, कोकणा, कोळी, ठाकूर आणि कातकरी. ब्रिटिशांनी या संस्थानाला नऊ तोफांच्या सलामीचा मान दिला होता. संस्थानाच्या स्थापनेची एक कथा इंग्रजी गॅझेटिअरात नोंदलेली आहे. जव्हार पूर्वी एका वारली नायकाकडे होते. जयबा मुकणे याने त्याच्याकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने ती देऊ केली. मग जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्या दोरीने वारली नायकाचा किल्लाच वेढून टाकला. नायकाला गंभीरगडाकडचा मुलूख देण्यात आला.

अशीच कथा आफ्रिकेतील कार्थेज नगरीच्या स्थापनेबद्दलही सांगितली जाते. तेव्हा ती खरी की खोटी हा वाद घालण्यात अर्थ नाही. राजघराण्याचे चाहते ती संस्थापकाच्या चातुर्याची कथा म्हणून सांगतात. वारल्याच्या बाजूने ऐकली की ती मोजणीतल्या फसवणुकीची कथा होते. एकाने शब्द दिला, दुसऱ्याने त्या शब्दाचा अर्थ आपल्या सोयीने ताणला. आणखी एक गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांच्या ध्यानात आल्याशिवाय राहणार नाही. तो बैल कोणी सोलला, कातडे कोणी कमावले, वाद्या कोणी कापल्या, याचा कथेत उल्लेखही नाही. राज्य ज्या दोरीने मिळाले तिच्यावर ज्यांचे हात राबले, ते हात कथेबाहेरच राहिले.

जयबाच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाकडून 'शाह' हा किताब मिळाला, तो ५ जून १३४३ रोजी, असे मानले जाते. त्या दिवसापासून संस्थानाने आपला स्वतंत्र शक चालवला आणि तो सरकारी कागदांवर विसाव्या शतकापर्यंत घातला जात होता. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज या मार्गाने गेले. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. अठराव्या शतकात पेशव्यांनी बराच मुलूख काढून घेतला आणि उरलेल्यावर खंडणी बसवली. पुढे इंग्रज आले. डोंगर आणि जंगल यांच्या आडोशाने, आणि प्रत्येक वरचढ सत्तेशी जुळवून घेत, हे घराणे सहाशे वर्षे टिकले. सामान्यतः इतिहास येथेच संपतो आणि पुढे राजवाड्याचे वर्णन सुरू होते.

शेजारच्या मोखाड्याकडे पाहिल्यावर वेगळा प्रश्न उभा राहतो. मोखाडा संस्थानात नव्हता. तो ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेठा, म्हणजे थेट इंग्रजी अंमलाखालचा मुलूख. सीमेच्या अलीकडे आदिवासी राजा, पलीकडे गोरा साहेब. दोन्हीकडे माणसे तीच. नागली-वरई पिकवणारी, एकमेकांच्या पाड्यांवर सोयरीक करणारी. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार जे 'अंशतः वगळलेले प्रदेश' ठरवले गेले, त्यांत मोखाडा पेठा होता. अशा प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ मध्ये अहवाल दिला. वेठबिगार, सावकारी आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराच्या दारी राबणारे लग्नगडी यांची सरकारदप्तरी नोंद त्यात झाली. जव्हार संस्थानात असल्यामुळे त्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी मुलखातील आदिवासीचे दुःख निदान कागदावर तरी चढले. आदिवासी राजाच्या प्रजेच्या दुःखाला तो कागदही लाभला नाही.

राजा आपल्यातला असला म्हणजे राज्य आपले होते का, हा यातला खरा प्रश्न आहे. जव्हार शहरात १९१८ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण नगरपालिका शहराची. पाड्यावरच्या माणसाला त्या कारभारात जागा नव्हती. राजाच्या जातीशी नाते असणे वेगळे आणि राज्यात हक्क असणे वेगळे. आज आपल्या माणसाला खुर्ची मिळाली एवढ्यावर समाधान मानणाऱ्या सर्वांनीच, आणि त्यांत मी दलित चळवळीलाही धरतो, जव्हारचा हा धडा वाचला पाहिजे.

हक्काची भाषा या भागात आली ती राजवाड्यातून नव्हे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठ नाकारली, गवतकापणीचा व जंगलकामाचा दर मागितला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड मारला गेला. तरीही वेठ परत आली नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्याची हकिगत लिहिली. वारली माणूस मराठी ग्रंथात कर्ता म्हणून येतो तो प्रामुख्याने तेथून.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. जव्हार ठाणे जिल्ह्याचा तालुका झाला. १९९९ मध्ये त्यातून विक्रमगड तालुका निघाला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार-मोखाडा पालघर जिल्ह्यात आले. नकाशावरच्या रेघा अशा बदलत गेल्या. पाड्यावर काय बदलले? १९९२-९३ मध्ये जव्हारमधील वावर-वांगणी येथे कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्राला या तालुक्याचे नाव कळले. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी ते पुन्हा आठवले. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण बांधून मुंबईला पाणी नेले जाते; त्याच तालुक्यातील बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात आणि माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात.

दूरच्या नॉर्वे देशाचे उदाहरण येथे आठवते. तेथे १८३७ च्या कायद्याने खेड्यापाड्यांना निवडलेली स्थानिक सरकारे मिळाली. १९६० नंतरच्या दशकात त्यांतली अनेक एकमेकांत विलीन केली गेली. सातशेहून अधिक होती ती १९६७ पर्यंत ४५४ वर आली. जी नावे नकाशावरून गेली त्यांचाही इतिहास मात्र गेला नाही. तेथे भागाभागाचे ग्रामग्रंथ लिहिण्याची रीत आहे. त्यांत एकेका शेताची व घराची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असते आणि दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राबणारी कुळेही त्यांत सापडतात. आपल्याकडे संस्थान गेले आणि मागे उरली ती वंशावळ.

हे काम निव्वळ हौसेचे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीचा दावा अनुसूचित जमातीच्या माणसाला करता येतो. त्या कायद्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब हाही पुरावा मानला आहे. म्हणजे पाड्यावरच्या म्हाताऱ्याची आठवण ही आता नुसती गोष्ट राहिलेली नाही. ग्रामसभेच्या कागदावर उतरली की ती जमिनीचा पुरावा होते. कोणता माळ कोणी फोडला, पाडा आधी कुठे होता, का उठला, देवाचे रान कोणते, कोणत्या साली जंगलखात्याने हद्दीचे दगड रोवले, हे सांगणारी माणसे झपाट्याने सरत चालली आहेत.

म्हणून शिक्षकमित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. मुलांना वंशावळ पाठ करायला लावू नका. त्यांना वही घेऊन आजीकडे पाठवा. ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून घ्या, तारीख घाला, अंगठा घ्या आणि ग्रामसभेपुढे ठेवा. वारली नायकाजवळ शब्द होता, लेख नव्हता. म्हणून कातड्याची दोरी त्याच्या किल्ल्याभोवती फिरली.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी कोरी वही परत दिली आणि आजीला विचारून ये, असे सांगितले. चार दिवसांनी तिने अकरा पाने भरून आणली. त्यांत राजा एकदाच आला होता, आणि तोही शिकारीला.