कार्य-पुनरागमन, ताणग्रस्त कर्मचाऱ्यांचे

मानसिक ताणातून उद्भवलेल्या चिंता, विषण्णता, समायोजन-विकृती इ. विकारांमुळे रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्यास टप्प्याटप्प्याने पुन्हा कामावर रुजू करून घेण्याच्या नियोजित प्रक्रियेस ‘कार्य-पुनरागमन’ असे म्हणता येईल. व्यावसायिक पुनर्वसनाचा हा एक भाग होय.

विकाराची लक्षणे ओसरणे आणि कार्यक्षमता परत येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रक्रियेमागील मूलतत्त्व आहे. रजा लांबली की दिनक्रम विस्कटतो, आत्मविश्वास खचतो व सहकाऱ्यांसमोर जाण्याची धास्ती वाढते. त्यामुळे पूर्ण बरे वाटेपर्यंत थांबणे नेहमीच हितावह ठरत नाही. नेदर्लंड्समध्ये व्हान डेर क्लिंक व त्यांचे सहकारी यांनी समायोजन-विकृतीच्या रुग्णांवर केलेले संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ताणाचे कारण समजून घेणे, अडचणींवर उपाय शोधणे व ते प्रत्यक्ष आचरणात आणणे अशा तीन टप्प्यांनी मार्गदर्शन मिळालेले कर्मचारी इतरांपेक्षा लवकर कामावर परतले. लक्षणांच्या घटीत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

प्रत्यक्षात प्रथम कर्मचारी, वरिष्ठ अधिकारी व वैद्य यांच्या विचारविनिमयाने योजना आखतात. आरंभी कामाचे तास कमी ठेवून ते क्रमाने वाढवितात. रात्रपाळी, निकडीची कामे वा वादाचे प्रसंग काही काळ टाळतात. आजाराचा तपशील गुप्त राखणे आवश्यक असते. ज्या कारणाने ताण उद्भवला ते कारण कामाच्या ठिकाणी कायम राहिल्यास विकार उलटण्याचा संभव असतो. म्हणून केवळ व्यक्तीवर उपचार करणे पुरेसे नाही.

नेदर्लंड्समध्ये आजारी कर्मचाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सर्वसाधारणपणे किमान ७० टक्के वेतन देण्याची जबाबदारी मालकावर आहे. २००२ पासून अंमलात आलेल्या कायद्यानुसार सहाव्या आठवड्यापर्यंत समस्येचे विश्लेषण व आठव्या आठवड्यापर्यंत कृतियोजना तयार करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, अशा रजेवरील व्यक्तींसाठी वैद्यकीय उपचारांना कार्यविषयक साहाय्याची जोड देण्याचा पर्याय सुचविला आहे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सेवाकाळात दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास कामावरून कमी करता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत अन्य पद द्यावे लागते. तथापि या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, भावस्थिती इत्यादींतील गंभीर बिघाड अभिप्रेत असल्याने ताणजन्य अल्पकालीन विकार तीत बसतीलच असे नाही. अशा कर्मचाऱ्यांचे पुनरागमन बव्हंशी आस्थापनेच्या धोरणावर व वरिष्ठांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते.