सोयरीक, रक्त आणि सोपाऱ्याचा स्तूप

नालासोपारा-विरारच्या चाळींत लग्नाची बोलणी निघाली की मुलगा काय करतो हे विचारण्याआधी प्रश्न येतो, "तुम्ही कोकणातले की घाटावरचे?" मंडळी विदर्भाकडची असली तर आणखी खोलात शिरतात : सोमवंशी, लाडवण की बावणे? १९५६ साली दीक्षाभूमीवर जे सोडून आलो, तेच गाठोडे सोयरिकीच्या वेळी हळूच उघडले जाते. आम्हीही यातून पुरते सुटलेलो नाही, म्हणूनच हा विषय घेतला.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे मर्म त्यांनी एकाच गोष्टीत दाखवले : आपल्याआपल्यातच लग्न. भारतातले लोक मुळात मिसळलेले आहेत आणि हे कुंपण नंतर पडले, असे त्यांचे म्हणणे. डी.एन.ए.ची रचना तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हती. ती १९५३ साली कळली.

२०१३ साली हैदराबादच्या सी.सी.एम.बी. आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी ७३ समाजगटांचे रक्त तपासून निष्कर्ष छापला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशातल्या लोकांत सरमिसळ होत होती. पुढे ती थांबली. हे कळते कसे? दोन वंशांची माणसे एकत्र आली की मुलांत दोघांच्या जनुकांचे लांबलांब तुकडे येतात. पत्ते पिसावेत तसे दर पिढीला ते तुटत जातात. तुकडा जितका आखूड, तितकी सरमिसळ जुनी.

आता आपल्या सोपाऱ्याकडे पाहा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली भुईगावात नवव्याचा. अशोकाचा काळ सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे सरमिसळ चालू असतानाचा. सोपारा तेव्हा मोठे बंदर, दूरदेशीची गलबते इथे लागत. त्या शिळेसमोर उभे राहणाऱ्यांच्या रक्तात आजच्यासारख्या भिंती नव्हत्या.

मग एवढी शतके वेगळे राहिल्याने जाती म्हणजे वेगवेगळे प्राणी झाले काय? मुळीच नाही. नवी जीवजात बनायला गट फार दीर्घकाळ, बहुधा लाखो वर्षे, तुटून राहावे लागतात. सह्याद्रीच्या वेगवेगळ्या डोंगरांवर अडकलेल्या छोट्या पालींचे असेच झाले. प्रत्येक डोंगरावर जनुकांत वेगळे बदल साठत गेले, तिथल्या हवापाण्याला जे मानवले ते टिकले आणि अखेर एका पालीचे दुसरीशी जमेनासे झाले. माणसाच्या बाबतीत दोन हजार वर्षे म्हणजे ७०-८० पिढ्या. कुठल्याही जातीच्या स्त्रीपुरुषांना धडधाकट मूल होते, हा पुरावा घरोघरी आहे. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात तथागतांनी नेमके हेच सांगितले : गवत, झाडे, किडे, जनावरे यांची जन्मजात लक्षणे वेगवेगळी असतात, माणसांची तशी नसतात.

पण कुंपणाची किंमत मोजावी लागतेच, आणि ती आपल्या घरात मोजली जाते. विदर्भातल्या अनेक बौद्ध कुटुंबांत आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकल सेल आढळतो. यात कुठल्या समाजाला कमीपणा नाही. जिथे मलेरिया फार, तिथे एकच सिकल जनुक असलेली माणसे जास्त जगली, म्हणून ते जनुक टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तसेच झाले. एक जनुक असलेल्याला आपण वाहक म्हणतो. त्याला बहुधा काही त्रास नसतो. मात्र नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता ४ मध्ये १. अंग ठणकणे, कावीळ, पुन्हापुन्हा रक्त चढवणे, हे सारे त्या लेकराच्या वाट्याला येते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार घरांत सोयरिकी झाल्या की दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो.

पोटजात मोडली म्हणून तपासणी टळत नाही, कारण वाहक दुसऱ्या समाजातही असतात. सोल्युबिलिटी नावाची साधी रक्तचाचणी आधी करतात, तीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस. जनुक जन्मभर बदलत नाही, त्यामुळे नीट केलेली तपासणी एकदाच पुरते. दोघे वाहक निघाले तरी लग्न मोडायचे कारण नाही. दिवस राहिल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांतच डॉक्टरांना सांगावे, गर्भाची तपासणी करता येते. सोयरिकीच्या बैठकीत आम्ही पंचांग काढत नाही. हा एक कागद मात्र दोन्हीकडून मागायला लाजू नये, मुलाकडच्यांनी तर मुळीच नाही.