अक्षरे रेखाटणाऱ्या आज्ञावलीतील स्मृतिगळती

संगणकाच्या पडद्यावर उमटणारे अक्षर छापखान्यातील खिळ्याप्रमाणे आयते तयार नसते. फॉन्टमध्ये त्याची बाह्यरेषा गणिती वक्रांच्या रूपाने साठविलेली असते. तिच्यावरून ठिपक्यांची आकृती सिद्ध करण्याचे काम फ्रीटाइपसारखी आज्ञावली करते. या आज्ञावलीचा आरंभ डेव्हिड टर्नर यांनी १९९६ साली केला.

आकृती ठेवण्यास स्मृतीत जागा मागावी लागते व काम संपताच ती परत करावी लागते. परत करण्याचे राहून गेले, तर त्यास स्मृतिगळती म्हणतात. ४० ठिपके लांब व ४० ठिपके रुंद अशा आकृतीस, प्रत्येक ठिपक्यास एक बाइट धरल्यास, १,६०० बाइट लागतात. दर सेकंदास अशा दहाच आकृती गहाळ झाल्या, तरी एका दिवसात सुमारे १३८ कोटी बाइट व्यर्थ जातात. रेल्वे स्थानकावरील सूचनाफलकासारखे अहोरात्र चालणारे यंत्र अशा गळतीने काही दिवसांत बंद पडू शकते.

तथापि, स्मृतीचा वापर वाढला म्हणजे गळतीच आहे, असे मात्र नव्हे. एकदा रेखाटलेली अक्षरे पुन्हा उपयोगी पडावीत म्हणून आज्ञावली ती जपून ठेवते. देवनागरीत जोडाक्षरे पुष्कळ असल्याने हा साठा बराच मोठा होतो. म्हणून एकच पान सहस्र वेळा रेखाटावे व प्रत्येक शंभर वेळांनंतर स्मृती मोजावी. वाढ काही काळाने थांबली, तर तो साठा होय; ती एकसारखी चालू राहिली, तर गळतीचा संशय घ्यावा.

पुढे स्थान शोधावयाचे. प्रथम फॉन्ट केवळ उघडून मिटावा, नंतर केवळ आकृती काढाव्यात. वाढ कोठे होते ते कळते. व्हॅलग्राइंड हे साधन स्मृतीची प्रत्येक मागणी कोठून झाली याची नोंद ठेवते आणि ज्या जागेचा पत्ताच उरला नाही, ती शेवटी निराळी दाखविते.

फ्रीटाइपमध्ये एक भेद विशेष ध्यानात घ्यावा. अक्षर प्रथम ज्या खाचेत उतरते ती फॉन्टच्या मालकीची असते आणि फॉन्ट मिटताच मोकळी होते. परंतु त्या अक्षराची स्वतंत्र प्रत घेतल्यास ती घेणाऱ्यानेच सोडावी लागते. फॉन्ट मिटल्याने ती सुटत नाही. मधेच अडचण आल्यास आज्ञावली आडमार्गाने बाहेर पडते आणि तेथे प्रत सोडण्याची आज्ञा बहुधा राहून जाते. म्हणून सदोष फॉन्ट मुद्दाम देऊन हे आडमार्गही तपासावेत.

दुरुस्तीनंतर तीच मोजणी पुन्हा करावी. आलेख सपाट झाला, तरच निदान खरे मानावे.