ख्रिस्तपुराण : रोमन लिपीतली मराठी पोथी

तुकोबांचा जन्म ज्या १६०८ साली धरतात, त्याच साली गोव्यातल्या एका इंग्रज पाद्र्याने रोमला, आपल्या जेझुइट संघाच्या प्रमुखांना, एक मागणे लिहून पाठवले. इथल्या भाषेतले पुस्तक इथल्याच लिपीत छापायचे आहे, अक्षरांचे साचे पाडायला परवानगी द्यावी. युरोपातल्या लिपीला चोवीस साचे पुरतात, इथे सहाशे लागतील, म्हणून आजवर कोणी हात घातला नव्हता. पण ते दोनशेवर आणता येतील, असा त्याचा हिशेब होता. साचे काही पडले नाहीत. १६१६ मध्ये राचोलला जो ग्रंथ छापून निघाला, त्यातली भाषा मराठी, छंद ओवी आणि लिपी रोमन होती. तोच फादर थॉमस स्टीफन्स यांचा ‘ख्रिस्तपुराण’.

स्टीफन्स इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातले. त्या काळच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडात कॅथलिकाला धर्मगुरू होणे म्हणजे जिवाशी खेळ. ते रोमला गेले, जेझुइट झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले. पुढची चाळीस वर्षे, मरेपर्यंत, ते इथेच राहिले. त्यांतला बराच काळ साष्टी महालात गेला. (ही साष्टी गोव्याची, ठाण्या-मुंबईकडची नव्हे.) १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले, त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले आहे. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडली ती १७८६ मध्ये. जोन्स यांचे नाव भाषाशास्त्राच्या पहिल्या पानावर असते, स्टीफन्स यांचे तळटीपेत.

त्याच १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्याआधी साष्टीतली देवळे पोर्तुगिजांनी जमीनदोस्त केली होती. हा इतिहास बाजूला ठेवून ‘ख्रिस्तपुराण’ वाचता येत नाही, आणि खुद्द ग्रंथही तो पुरता लपवत नाही. पहिल्याच अवस्वरूत (अध्यायाला तिथे हाच शब्द आहे) एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी नवे का देत नाही? पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर. ज्यांची पोथी हिरावली गेली त्यांना पोथीच हवी होती, हे त्या पाद्र्याला नेमके उमगले. प्रश्नोत्तरी आणि उपदेशाची पुस्तके मिशनरी एरवीही लिहीत होतेच. संध्याकाळी बसून ऐकावे असे त्यांत काही नसे.

त्यासाठी त्यांनी आधी आपल्याकडची पुराणे ऐकली-वाचली असणार. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारतातल्या कथांची रोमन लिपीत उतरवलेली जुनी हस्तलिखिते आहेत. ती गोव्यातल्या जेझुइटांच्या अभ्यासाची. एकीकडे या कथांवर बंदी आणि दुसरीकडे त्यांचीच अशी काळजीपूर्वक नक्कल!

ग्रंथ जवळपास अकरा हजार ओव्यांचा. ‘पैले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत येते, ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र सांगते. मराठीला मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा देणारा त्यातला उतारा बहुतेकांनी शाळेत पाठ केलेला असतो, आणि पुष्कळांची ओळख तिथेच संपते. खरी गंमत निवेदनात आहे. स्वर्गाला तिथे वैकुंठ म्हटले आहे, आणि त्याच्याच शेजारी क्रूस आणि बाप्तिज्म हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द सुखाने नांदतात. सिद्धान्त समजावताना ओवी जड होते, धापा टाकते. माणसे बोलू लागली की तीच ओवी एकनाथांच्या वळणावर झरझर चालते.

हे पुराण चर्चमध्ये वाचले जाई, रविवारी आणि सणांना, मिस्सा आटोपल्यावर. मिस्सा लॅटिनमध्ये, म्हणजे वेदीवर काय म्हटले जाते ते बहुतेकांना अगम्य. नाताळात गोठ्यातला जन्म, उपवासकाळात क्रूसाची वाट, पास्काला रिकामी कबर; उपासनेचे हे सारे वर्ष भाविकांना स्वतःच्या भाषेत भेटे ते अशा वाचनातून. उत्तर कोकणात उपवासकाळासाठी आणखी एक पुराण होते, फ्रान्सिस्को वाझ दि गिमारायन्स यांचे, येशूच्या दुःखसहनावरचे. ते १६५९ चे. मुंबईत एकोणिसाव्या शतकातही त्याच्या आवृत्त्या निघत होत्या, म्हणजे म्हणणारे होते.

गोव्यात मात्र वारे फिरले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या तोवर तीन आवृत्त्या झाल्या होत्या, १६१६, १६४९ आणि १६५४. त्यांपैकी एकीचीही प्रत आज कुठे नाही. ग्रंथ जगला तो हातांनी उतरवलेल्या पोथ्यांमधून, मुख्यतः गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. त्यांची घरची बोली कोकणी, पण पुराण मराठीच. अशा पोथ्या मिळवून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती छापली, तीही रोमनमध्ये. पुढे १९२० च्या दशकात लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित सापडले. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. मूळ लेखन कोणते, यावर अभ्यासकांचा वाद त्या दिवसापासून चालू आहे.

देवनागरीत छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून आणले. अक्षरांचे साचे मागणाऱ्या त्या पत्राला १९०८ मध्ये तीनशे वर्षे झाली होती. त्यानंतरही आणखी अठ्ठेचाळीस गेली. लगेच पुढच्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या महापरिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट दिली आणि वसईच्या चर्चमध्ये मिस्साच मराठीत होऊ लागली. याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला तेव्हा विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांतल्या किती जणांनी ‘ख्रिस्तपुराण’ चाळले होते, कोण जाणे.

ज्यांना आता वाचावेसे वाटेल त्यांच्यासाठी कारिदाद द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ती आहे, आणि नेल्सन फलकाव यांनी अर्वाचीन मराठीत अनुवादही दिला आहे. सुरुवात ‘दुसऱ्या पुराणा’पासून करावी, आणि निदान पहिले दोन अवस्वरू तरी मोठ्याने वाचावेत.